साध्या पाण्याचे उंदीर

लातुरात साबेराबी गुडघेदुखीवर निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची. अर्धा मोहल्ला तिच्या हातगुणावर चालायचा. आता तिची लेक उमैमा नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात त्याच पाल्याचा अर्क उंदरांवर तपासत होती. अम्मीच्या पाल्याला एकदा कॉलेजनं मान डोलावली, की तिला ‘पालेवाली’ म्हणून हसणारी तोंडं बंद होतील, एवढीच तिची हौस.

तपासायची रीत मात्र निर्दयी. उंदराच्या पंजात सुई टोचून सूज आणायची. अर्ध्यांना अर्क पाजायचा, अर्ध्यांना साधं पाणी. पाणीवाले सुजलेलेच राहायला हवेत, तरच अर्काचा गुण कळणार. पाजायचं काम जोडीदारीण आरतीकडे, सूज मोजायचं उमैमाकडे.

मोजली, तर सगळ्यांचीच सूज सारखी उतरलेली. हणमंतराव सरांनी आकड्यांवर नजर टाकली आणि पाल्यात काही नाही म्हणून विषय मिटवला. रीतीप्रमाणे उंदीर मारले गेले. उमैमानं रडत रडत अम्मीला फोनवर सांगून टाकलं.

त्यानंतर कुठं आरतीनं तोंड उघडलं. ती देवणीची, बैलाचा पाय सुजला तर आधी त्याला औषध, मग माणसांची जेवणं, अशा घरातली.

“ते पाणीवाले लई तडफडून राहिले होते गं. बघवलं न्हाई. त्यांनाबी अर्कच पाजला.”

उमैमाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. म्हणजे अर्कानं गुण दिला होता, सगळ्यांनाच दिला होता, आणि म्हणूनच तो नापास झाला! दया दाखवायला या बाईला दुसरी जागा सापडली नाही. तिला तशीच ओढत ती सरांकडे घेऊन गेली. सरांनी आरतीलाच झापलं. मैत्रिणीसाठी खोटं बोलू नकोस म्हणाले, आणि नवे उंदीर मिळणार नाहीत हेही सांगितलं.

निदान अम्मीला तरी खरं कळावं म्हणून उमैमानं लातूरची एसटी पकडली. घरी पोचली तर ओट्यावर शेजारच्या लक्ष्मीबाई गुडघा धरून बसलेल्या, आणि अम्मी त्यांना मेडिकलातून गोळी आणायला सांगतेय. अंगणातली निर्गुडी बुडापासून तोडलेली.

उमैमानं झालं ते सगळं सांगितलं. अम्मीनं ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“माझं मन राखायला सांगून राहिलीस बेटा,” ती म्हणाली. “इतकी वर्सं लोकायला खोटंच बांधत आले मी.”