चिंचेने घासलेली बॅटरी

सरलाबाईंच्या हातून भांडं घासून निघालं की त्यात तोंड दिसायचं, आणि त्यांच्या तोंडून माणूस घासून निघाला की त्याला तोंड दाखवायला जागा उरायची नाही. उत्तरेकडच्या एयरोसिटी वसाहतीतल्या त्या तळमजल्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. सून देवयानी तर दोन्ही रोज बघत होती.

त्यांचा नवरा, दिगंबरराव, हवाई दलात इलेक्ट्रिशियन होते. विमानांच्या तारा जोडण्यात जन्म गेला आणि शेवटी स्वतःच एका नळीला जोडले गेले. फुफ्फुसं वाळली होती. खाटेशेजारचं मशीन खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढायचं आणि नळीने नाकात सोडायचं. लाइट गेली तर जिन्याखाली इन्व्हर्टर होता, त्याला पेटीएवढी बॅटरी. मुलगा शिशिर नॉलेज सिटीत चिपवर संशोधन करायचा. त्याने बजावून ठेवलं होतं, "आई, बॅटरीला हात लावायचा नाही."

पण खंडेनवमी आली. घरातली शस्त्रं पुजायची, तर विळी झाली, कात्री झाली, शिशिरचा लॅपटॉप झाला. मग ज्याच्या जिवावर ह्यांचा श्वास, त्याला कसं टाळायचं? सरलाबाई जिन्याखाली वाकल्या. तारा जोडतात त्या बॅटरीच्या दोन्ही बोंडांवर पांढरट-हिरवी पुटं चढली होती.

"देवाला असं पारोसं बसवतात होय," त्या पुटपुटल्या.

इन्व्हर्टरचं बटण बंद करून त्यांनी पकडीने तारांचे क्लॅम्प सोडवले. बोंडं चिंच-मिठाने घासली, तांब्याचा गडवा घासावा तशी. ओल्या फडक्याने पुसली. त्यावर हळदकुंकवाचा जाड लेप दिला, वर क्लॅम्प बसवले आणि बरणीचं झाकण लावावं तसे त्यांचे बोल्ट हाताने फिरवून घट्ट केले. झेंडूची माळ घातली. बटण दाबताच हिरवा दिवा लागला.

खाटेवरून दिगंबरराव म्हणाले, "सरला, क्लॅम्प पान्याने कसलेस का?"

"तुम्ही विमानं कसलीत, मी भाकऱ्या थापल्या. आता भाकरीवाल्या बाईला शिकवू नका. हिरवा दिवा दिसत नाही का?"

"दिव्याचं काय, तो चिमूटभर करंटवर लागतो." त्यांनी दम घेतला. "दाराला फट असली तर डोकावणारा डोकावतो. वऱ्हाड आत येत नाही. मशीन म्हणजे वऱ्हाड आहे. शिशिरला बघायला सांग."

"बोलू नका, धाप लागते."

त्यांना गप्प करायचा हा हुकमी उपाय होता. शिशिरला काही सरलाबाईंनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर देवयानी साखरेच्या आवाजात म्हणाली असती, आई, तुम्हाला सांगितलं होतं ना. तो आवाज ऐकण्यापेक्षा कडुलिंब बरा.

त्यानंतर लाइट गेलीच नाही. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी धुळीचं वादळ, तिकडची आंधी, आली. अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा झाला म्हणून भरायला गेला होता, संध्याकाळी यायचा होता. शिशिर कामावर, देवयानी सेक्टर सदुसष्टमध्ये शिकवायला. बाहेर काहीतरी कडाडून पडलं आणि लाइट गेली.

इन्व्हर्टरने टक् केलं. पंखा जरा हलला. मशीन कण्हलं, शिट्टी मारून बंद पडलं. पुन्हा टक्, पुन्हा कण्हणं, पुन्हा शिट्टी. जिन्याखाली हिरवा दिवा मात्र शहाण्यासारखा लागलेला.

सरलाबाईंनी शिशिरला फोन लावला. तो निघाला होता, पण रस्त्यात झाडं आडवी पडली होती. शेजारच्या सरदारणीने अँब्युलन्सला फोन केला आणि "हौसला रखो, आंटी जी" म्हणत ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली. अँब्युलन्सही त्याच झाडांच्या पलीकडे.

दिगंबररावांचे ओठ निळे पडू लागले. त्यांनी हात उचलला. बोटं जुळवून हवेत काहीतरी पिळल्यासारखं केलं.

"काय? वाढवू?" सरलाबाईंनी मशीनची चकती फिरवली. दिगंबररावांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा बोटं जुळवली, पुन्हा तेच पिळणं, आणि नजर जिन्याकडे. सरलाबाईंनी चकती उलटी फिरवली. नळी काढून परत लावली. पदराने वारा घातला. ज्या बाईने आयुष्यभर नवऱ्याचं बोलणं तोडलं, तिला त्याचं न बोललेलं कळेना. हात खाली आला, तरी चादरीवर बोटं जुळलेलीच राहिली.

शिशिर पोचला तेव्हा करायचं काही उरलं नव्हतं. अँब्युलन्सच्या माणसांनी नाडी पाहिली, दिगंबररावांना खाटेवरून उचलून हॉलमध्ये चटईवर ठेवलं. लाइट अजून आलीच नव्हती. अंधारायला लागलं तसा शिशिर उठला आणि टॉर्च घेऊन जिन्याखाली गेला. सरलाबाई मागोमाग गेल्या.

वाळकी माळ त्याने बाजूला केली. क्लॅम्पला बोट लावलं, तर तो गरकन फिरला. खाली तांबड्या-पिवळ्या खपल्या साचल्या होत्या. तोवर घरी पोचलेली देवयानी मागे येऊन उभी होती.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"बॅटरी जुनी झाली होती," शिशिर म्हणाला.

"जुनी नव्हती," सरलाबाई म्हणाल्या.

देवयानीने खपल्या पाहिल्या, माळ पाहिली, आणि खाली बघितलं.

"बोल की," सरलाबाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं होतं ना, म्हण."

"आई, तुम्ही आत चला. थोडं पाणी घ्या."

"गोड बोलू नकोस माझ्याशी. बोल."

देवयानीने शिशिरच्या हातातला टॉर्च घेऊन बॅटरीवर धरला. त्या घरात आता त्यांना बोलणारं कोणीच उरलं नव्हतं. एकाने कधी बोलायचा प्रयत्न केला होता, त्याला धाप लागायची.

शिशिरने खपल्या खरवडल्या, क्लॅम्प बसवला, पाना लावला आणि पिळला. बोटं जुळलेली, मनगट तसंच फिरणारं. सरलाबाईंनी तो हात पाहिला आणि आपलीही बोटं जुळवून हवेत तसंच पिळून पाहिलं.

आतून शिट्टी आली. मग मशीन एका सुरात गुणगुणायला लागलं. त्याचं बटण कोणी बंदच केलं नव्हतं. रिकाम्या खाटेवर पडलेली नळी उशीवर सूं सूं करत होती.

"बंद करून येऊ का?" देवयानीने हळूच विचारलं.

"राहू दे," सरलाबाई म्हणाल्या. "आता काय, चालतंय."