जुन्याच वायरी

ताईच्या कॉम्प्युटरमधून शनिवारी दुपारी धूर आला आणि रविवारी सकाळी मी तिच्या दुकानात हजर. आठवडाभर लोकांचे कॉम्प्युटर उघडून माझी कंबर कामातून गेली होती. एकच सुटीचा दिवस, तोही बहिणीने खाल्ला. तसं तिला फोनवर ऐकवलंसुद्धा. "मग नको येऊस," ती म्हणाली. म्हणजे झक मारत जायलाच हवं.

ताई बूट शिवते. साधे नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, अशांचे. वीस वर्षांत तीनशे अकरा माणसांचे पाय तिने मोजले आणि ती सगळी मापं, आराखड्यांसकट, त्या एका कॉम्प्युटरात. दुसरीकडे कॉपी? नाव नको. कॉपी काढून ठेवू या असं तीन वर्षं मीच सांगत होतो आणि टाळतही मीच होतो. घरचंच काम, करू कधीतरी.

भाचीही आली होती. ताईची एकुलती एक लेक. हल्ली ती आईवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. मागच्या महिन्यात ताईने एका म्हाताऱ्याला दोन्ही बूट डाव्या पायाचेच शिवून दिले. तो बिचारा हसला, पण भाची रात्रभर झोपली नाही. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, दुकान बंद कर.

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. सप्लाय जळला होता. सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना झेपेल तेवढी वाटून देणारी लोखंडी पेटी. ती मी नवी आणलीच होती, दुसऱ्या कंपनीची. जुनी काढली, नवी बसवली. वायरींचं म्हणाल, तर जुन्या पेटीच्या वायरी दोन्ही टोकांना सुटणाऱ्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मीच त्या बोर्डाच्या मागून फिरवून अशा झकास बांधल्या होत्या की बघत राहावं. त्यांची टोकं नव्या पेटीतही चपखल बसली. मग उगाच उपसायच्या कशाला? नव्या वायरी खोक्यातच राहू दिल्या.

बटण दाबलं. टक् असा बारीक आवाज झाला, करपल्याचा वास आला आणि सगळं ठप्प.

मग आमचा नेहमीचा रटाळ खेळ. एकेक भाग काढायचा, बटण दाबायचं, बघायचं. मेमरी काढली, काही नाही. पंखा काढला, काही नाही. हार्ड डिस्कची वायर काढली आणि कॉम्प्युटर लगेच सुरू झाला. परत लावली, परत बंद.

"ताई, डिस्क गेली."

"म्हणजे पाय?"

"सगळे."

ती स्टुलावर बसली. भाचीने विचारलं, "मामा, धूर आल्यावर परत बटण दाबलं तर असं होतं का रे?"

मी तोंड उघडायच्या आधी ताईच बोलली, "दाबलं असेन मी. याने फोनवर बजावलं होतं, हात लावू नकोस म्हणून. पण मला आठवतच नाही गं. दाबलंच असेन."

भाची ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, बस झालं आता."

"हो," ताई म्हणाली. "महिनाअखेर शटर ओढू."

आयुष्यात कुणाचं एका शब्दात न ऐकलेली बाई! मला ते ऐकवेना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी नव्या वायरींचं खोकं फोडलं, एक वायर जुन्या वायरीशेजारी धरली आणि थंडच पडलो. टोकं तीच, आकार तोच, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले होते. डिस्क त्या बटणाने गेलीच नव्हती. ती मी जाळली होती. पेटी बदलली की वायरीही बदलायच्या, हे बावीस वर्षं मी ज्याला त्याला दम देऊन सांगत आलोय. आणि स्वतःच माती खाल्ली, का तर माझी बांधणी सुंदर होती!

मी गप्प बसलो. आधी डिस्क बघू, मग बोलू, असं मनाला समजावलं. डिस्कच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग असतो. जास्त वीज आली की तो स्वतः मरतो आणि बाकीच्यांना वाचवतो, पण मेल्यावर उपटेपर्यंत वीज अडवून बसतो. मीटर लावला, तोच मेला होता. तो चिमट्याने उपटला, नवी वायर लावली, बटण दाबलं. डिस्क फिरायला लागली. मी आधी सगळी मापं माझ्या डिस्कवर उतरवून घेतली. तीनशे अकरा. एकही कमी नाही.

"मामा, तू ग्रेट आहेस!" भाचीने मला मिठीच मारली. माझा जीव भांड्यात पडला. पाय वाचले, आता कोण कशाला विचारतंय?

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. कुणी नवीन माणूस होता, लेकीसाठी बूट हवे होते. "नाही हो, नवीन काम घेत नाही आता," ताई सांगत होती. "माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही."

"ताई, फोन ठेव."

"थांब रे."

"ठेव म्हणतो ना! डिस्क मी जाळली. तू नाही. जुन्या वायरी तशाच ठेवल्या मी, आळस केला. बटण तू शंभरदा दाबलं असतंस तरी डिस्कला काही झालं नसतं."

ताईने फोन कट केला. मग ताईने असा काही तोफखाना सोडला की काय सांगू. गाढवा म्हणाली, चोपन्न वर्षांचा घोडा म्हणाली, तासभर तोंडाला कुलूप लावून बसलास म्हणाली. तेवढं मात्र वर्मी लागलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. कितीतरी दिवसांनी ती आमची ताई वाटत होती. मग ती लेकीकडे वळली. "आणि शटर-बिटर काही ओढायचं नाही. कळलं?" त्या माणसाला परत फोन लावून उद्या सकाळची वेळही दिली.

भाची चहा आणायला बाहेर गेली. ताई माझ्याजवळ सरकली.

"खरं सांग. मी ते बटण दाबलं होतं का रे?"

नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण मी दमलो होतो, आणि तासभर एक खोटं गिळून बसलो होतो. दुसरं घशाखाली उतरेना.

"मला नाही माहीत, ताई."

"मलाही नाही," ती म्हणाली. तिने माझा हात धरला आणि भाची चहा घेऊन आली तरी सोडला नाही.