ओलिंडाची सनद

जॉर्जटाउनच्या कोर्टात नव्या वकिलाला सनद देण्याआधी कुणीतरी ज्येष्ठ वकील त्याच्या शिक्षणाचे गोडवे गातो. ओलिंडासाठी फिट्झगिबनसाहेब बालवाडीतल्या बक्षिसापासून सुरू झाले आणि पाऊण तासात जेमतेम लॉ कॉलेजपर्यंत पोचले. न्यायमूर्ती डुलक्या घेत होते.

"वाद घालायची कला तिला विद्यापीठानंच दिली," साहेब म्हणाले.

"साफ खोटं!" बाजारात मासे विकणारी तिची आई इनेज मागून गरजली. ओलिंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही होता का हो तिच्या वर्गात?" इनेजने साहेबांनाच विचारलं.

"नाही, पण..."

"मग शनिवारी माझ्या पाटीवर तिनं तुमच्या गळ्यात कालचा मासा आजचा म्हणून मारला, तेव्हा तुमची बोलती कुणी बंद केली? विद्यापीठानं?"

एवढ्या पदव्यांचे धनी फिट्झगिबनसाहेब खाली बसले.

इनेजच्या पहिल्या गर्जनेलाच न्यायमूर्ती खडबडून जागे झाले होते. "अर्ज मंजूर. शिक्षण कुठं झालं ते कळलं. पण बाई, शनिवारी मीही मासा नेला होता. तोही कालचाच का?"

इनेजने तोंड उघडण्याआधी ओलिंडा ताडकन उभी राहिली.

"महाराज, या प्रश्नाचं उत्तर माझी अशील देणार नाही."