खाडीकाठची लेकुरवाळी

सुमतीला नसत्या चौकशा फार. लग्न होऊन कल्याणहून ठाण्यात आली तेव्हापासून तिचं चाललेलं: तुरुंग झालेल्या त्या किल्ल्यात आधी कोण राहायचं, खाडीकडेच्या पडक्या भिंतींवर वेलबुट्ट्या कुणी कोरल्या? "फिरंग्यांचं आहे ते सगळं," एवढंच उत्तर घरात मिळे. फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, जाऊन दीडशे वर्षं होत आली, पण ज्या जुन्या गोष्टीचा पत्ता लागत नाही ती त्यांच्या नावावर खपवायची, ही ठाण्याची रीतच होती. एकदा तर ही बया तळ्याकाठच्या किरिस्तावांच्या देवळात डोकावून आली. आत एका दाढीवाल्या लाकडी बुवाच्या कडेवर मूल होतं. झाडणाऱ्या बाईनं त्याचं नाव सां जुझे सांगितलं, बाळदेवाचा बाप म्हणे, आणि बाप्याच्या कडेवर पोर बघून सुमतीला हसूच आवरेना.

लेकुरवाळीसमोर मात्र ती हसत नसे. खाडीकाठी, पडक्या भिंतीच्या कोनाड्यात ही देवी उभी. अंगावर शेंदराचे थरावर थर, चांदीचे डोळे, कडेवर मूल. मूल हवं असलेल्या बायका मंगळवारी तिची ओटी भरत. सुमतीचा नवरा त्र्यंबक हिच्याच नवसाचा, असं सासूबाई, विमलाबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

सुमतीच्या लग्नाला सात वर्षं झाली, कूस उजवली नाही. यंदा विमलाबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "नवरात्रापर्यंत बघू. मग त्र्यंबकला दुसरी करायची, शहाडच्या मुलीला होकार कळवायचा." त्र्यंबक कचेरीत कारकून. "आई म्हणेल ते," म्हणाला आणि अंगरखा चढवून चालता झाला.

त्या मंगळवारी दोघी निघाल्या. गुडघेदुखीमुळे विमलाबाई मागे राहिल्या. सुमतीनं खण-नारळ ठेवला, कुंकू लावायला हात उचलला, तर हनुवटीपाशी शेंदराला चीर गेलेली. आत काय असेल? तिनं नखानं जरासं उचकटलं.

अख्खं कवच निखळून खाली आलं. कवच देवानं आपल्या मर्जीनं सोडायचं असतं, मग ते पाण्यात शिरवायचं. माणसानं कधी ओढायचं नसतं.

तिनं भीत भीत वर पाहिलं. दाढी! पायघोळ झगा, मिशा, दाढी, आणि कडेवर तेच मूल. सां जुझे! पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ज्याला बांगड्या, खण वाहिले, तो चांगला दाढीवाला बाप्या होता. पण मूल कडेवर आहे म्हटल्यावर ती बाईच, याखेरीज दुसरं कुणाला सुचणार तरी कसं?

ती कवच परत बसवायला धडपडत होती, तेवढ्यात विमलाबाई आल्या.

"सासूबाई, चुकलं माझं. मी नखानं..."

"सरक." विमलाबाईंनी पुढे होऊन पाहिलं. "बाप्या आहे गं हा!"

"हो. किरिस्तावांच्या देवळात असाच आहे. आता काय करायचं? ही देवीच नाही तर..."

"नाही कशी? मी मागितलं आणि ह्यानं दिलं. आपल्याला ओळखता आलं नाही, त्यात त्याचा काय दोष?" विमलाबाई खाली टेकल्या. "त्र्यंबकला त्याच्या वडिलांनी कधी असं कडेवर घेतलं नाही. नवस बोलायलासुद्धा मी एकटीच येत असे. हे ओसरीवर पान जमवत बसायचे."

मग त्यांनी सुमतीनं वाहिलेला खण उचलून तिच्या हातात परत दिला.

"बाप्याची ओटी कसली भरतेस? उद्या त्र्यंबकला पाठव इथं. सात वर्षं तू एकटीच हात जोडतेयस. अडलंय ते त्याचंही असेल, त्याचं त्यानं मागावं."

"आणि शहाडचं?" सुमतीनं विचारलं.

"नको म्हणून कळवते. एकीचं वाटोळं करत होते, आता दुसरीचंही करू?"

सुमतीला रडू कोसळलं. विमलाबाईंनी तिला उगी केलं नाही, नुसता पाठीवर हात ठेवला.