साध्या टोप्या

एव्हरेट टोलेफसन घरच्या बाकावर काडतुसं भरायचा आणि मोंटानातलं ते अख्खं खोरं त्यांना मान द्यायचं. तो भरायचा ती दारू गोल दाण्यांची. मापातून मोहरीसारखी सळसळत उतरते, प्रत्येक काडतुसात सारखी. खोड एकच: कडाक्याच्या थंडीत ती पेट घ्यायला कुरकुरते, म्हणून काडतुसाच्या बुडात जोरदार ठिणगीची टोपी लागते. हे सगळ्यांना शिकवलं एव्हरेटनेच. ऑगस्टात दुकानात तसल्या टोप्या मिळाल्या नाहीत, तर पठ्ठ्याने साध्याच बसवल्या. उन्हात दहा बार काढून पाहिले, दहाही चोख. माज चढला होता म्हाताऱ्याला, दुसरं काय!

नोव्हेंबरात, उणे पंचवीस अंशांच्या थंडीत, त्याच्या लेकीने, मार्लिसने, एल्कवर, त्या घोड्याएवढ्या हरणावर, नेम धरला. सतरा वर्षं अर्ज केल्यावर सोडतीत लागलेला, एकाच एल्कचा परवाना. एल्क जखमी होऊन निसटला. दोन दिवस माग काढूनही सापडला नाही. जखमी केलेलं जनावर मारल्यातच धरायचं, या रिवाजाप्रमाणे तिने परवान्यावर स्वतःच खाच पाडली आणि शिकार संपवली.

शनिवारी कॅफेत शेजारच्या हार्लनने सुरुवात केली. "काय गं मार्लिस, चाप ओढताना डोळे मिटलेस म्हणे? तेही बापाची काडतुसं असून!"

"दचकले मी," ती म्हणाली. "तू आधी तुझे पॅनकेक गीळ."

सगळे हसले. एव्हरेटही हसला आणि लगेच त्या साध्या टोप्या आठवून त्याला स्वतःची शिसारी आली.

बाहेर गाडीपाशी त्याने विचारलं, "खरंच दचकलीस?"

"नाही बाबा. चाप ओढला, नुसतं टक् झालं. मला वाटलं फुसकं निघालं. बंदुकीचा बोल्ट उघडायला हात नेला, नेम ढळला, इतक्यात बार उडाला. क्षणभर आधी उघडला असता तर तोंडावरच फुटलं असतं."

"मग आत बोलली का नाहीस?"

"सहा घरं तुमची काडतुसं नेतात. त्या काडतुसांचं नाव गेलं, तर तुमच्याकडे उरतं काय?"

पोरीने बापाचं पाप माथी घेतलं होतं, आणि बाप चारचौघांत तिलाच हसला होता. तो तडक आत गेला.

"हार्लन, ती दचकली नव्हती. मी साध्या टोप्या बसवल्या, जाणूनबुजून. या वर्षीचे काडतुसांचे सगळे डबे मला परत द्या."

कोणी हसलं नाही. हार्लन खुर्ची मागे सारून उठला.

"माझी बायको सकाळीच तुझा डबा घेऊन डोंगरावर शिकारीला गेलीय," तो म्हणाला.