बांधणी विभागातले उरलेले तेरा

ग्रंथालयाच्या बांधणी विभागात चौदा कर्मचारी असून आठवड्याला पुस्तकं सहाच बांधली जातात, असं अहवालात आलं आणि संचालकांनी विभागाला टाळं ठोकायचं मनावर घेतलं. त्या दिवशी तीन वाजता तशी बैठकच होती.

तळघरातल्या त्या विभागात माणूस एकच होता. सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणत. ‘बाकीचे तेरा जण काय करतात?’ या नोटिशीला काकांनी लेखी उत्तर दिलं होतं : ‘सदर तेरा जण मला तीस वर्षांत भेटलेले नाहीत. भेटल्यास कामाला लावीन.’ संचालकांनी त्यावर ‘उद्धट’ असा शेरा मारला. जिना उतरून तळघरात डोकावावं, हे काही त्यांना सुचलं नाही. अहवाल हातात असताना डोळ्यांना कोण त्रास देतं!

अहवाल काढणारी स्क्रिप्ट संगणकवाल्या बाईंची. बारा वाजता त्या लॅपटॉप घेऊन तळघरात उतरल्या.

“काका, हे बालंट बहुतेक माझ्यामुळे आलंय.”

“बसा. त्या स्टुलावर नको, सरस ओला आहे.”

बाईंनी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली : विभागाची माणसं ज्या चलात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, ठेवली आहेत, त्याच्या प्रकाराचं नाव छापून दाखव. थोडक्यात, मोजण्याआधी ‘बाबा रे, तू कोण?’ एवढं विचारायचं. ते विचारायचंच राहून गेलं होतं.

पडद्यावर उत्तरं आली. नोंदणी : लिस्ट. वाचनकक्ष : लिस्ट. बांधणी : स्ट्रिंग.

बाईंनी कपाळावर हात मारला. “बाकी विभागांत नावांची यादी आहे. तुम्ही एकटेच, म्हणून यादी झालीच नाही. नुसतं नाव राहिलं, साधा मजकूर. यादीची लांबी मोजली की माणसं मिळतात. मजकुराची मोजली की अक्षरं.”

काकांनी बोटांवर आपलं नाव मोजलं, आडनावासकट. “चौदा! म्हणजे चूक आमच्या तीर्थरूपांची. नाव आखूड ठेवलं असतं तर एवढी भरती झाली नसती.” मग बाईंचा चेहरा पाहून म्हणाले, “वर सांगा, यंत्र चुकलं. ते बिचारं काय बोलणार?”

“यंत्रानं मी सांगितलं तेच केलं, काका.”

बैठकीत बाई उभ्या राहिल्या. “चूक माझी आहे. तिथे एकच माणूस आहे.”

संचालकांनी अहवाल उलटसुलट करून पाहिला. “म्हणजे आठवड्याला सहा पुस्तकं एकटा माणूस बांधतो?” नऊ जणांच्या नोंदणी विभागाचे प्रमुख एकदम खिडकीबाहेर पाहू लागले. टाळ्याचा विषय तिथेच मिटला.

बाई सुधारलेला कागद घेऊन खाली आल्या. ‘बांधणी : कर्मचारी १.’ काकांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“झालं ते बरंच झालं. पण खरं सांगू का बाई? त्या तेरा जणांतला एखादा राहिला असता तरी चाललं असतं. बांधलेली पुस्तकं दाबायच्या या दाबयंत्राचं चाक हल्ली एकट्याला फिरत नाही.”

बाईंनी लॅपटॉप कोरड्या जागी ठेवला आणि चाकाला हात घातला.

“कुठल्या बाजूला?”