शर्यत जिंकलेला चॉपर

मी एक जुना, भाजी चिरायचा चॉपर आहे. जुना म्हणजे, मित्रांनो, तुमच्या आजीच्या पितळी डब्यांइतका नव्हे हं! मला अजून दोन वर्षंही झाली नाहीत. पण आमच्यासारख्या स्वस्त वस्तूंना म्हातारपण फार लवकर येतं. दोरी विसविशीत होते, झाकणाचा खटका ढिला पडतो आणि पारदर्शक पोटावर हळदीचा डाग कायमचा मुक्कामाला येतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तापलेल्या साच्यातून हिरवं प्लास्टिक बाहेर पडलं, पोटात तीन पाती बसली, झाकणात दोरीची गुंडाळी गेली, की झालो मी तयार. मग पोत्यात कोंबून मला जबलपूरला आणलं. तिथल्या ओमती बाजारात एका दुकानाबाहेर फळीवर मी बसलो. दुकानदार दिवसभर गळा फाडायचा, "दीदी, चार बार खींचो, प्याज का काम तमाम!"

एके दिवशी विनता आली. कडेवर छोटा तनय. तिने माझं झाकण उघडून पाहिलं, लावून पाहिलं, नाकाशी नेऊन प्लास्टिकचा वास घेतला.

"भैया, बच्चे का हाथ तो नहीं जाएगा ना इसमें?"

"दीदी, ढक्कन बंद किए बिना चलता ही नहीं!"

तेवढ्यावर तिने मला उचललं. तनय नुकताच चालायला लागला होता आणि घरी तिच्या सासूबाई विळीवर भाजी चिरायच्या. तो तिकडे वळला की विनताचा जीव टांगणीला लागायचा.

घरी आमची मोठी फौज होती. अंडं कापायची तारांची चौकट, लसूण सोलायची रबरी नळी, बॅटरीवर गरगरणारी रवी. विनता एकेकाला हौसेने वापरून बघायची आणि दोन दिवसांत खालच्या खणात ढकलायची. मी मात्र टिकलो. ओट्यावर माझी जागा ठरली. मला फार घमेंड चढली.

सासूबाईंचं नाव शैलजा, पण सगळे त्यांना आईच म्हणायचे. स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून त्या चिरायच्या. तनयसाठी त्यांनी फरशीवर रांगोळीची एक रेघ मारली होती. तो त्या रेघेपलीकडे बसून हात पुढे करायचा आणि त्या काकडीची चकती त्याच्या तळव्यावर ठेवायच्या. हल्ली ती चकती ठेवताना त्यांचा हात थरथरायचा. बशीवर कप वाजायचा. विनताच्या नजरेतून काही सुटायचं नाही. तिने ते पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. विचारलं की काहीतरी मोठं निघेल, अशी तिला धास्ती होती.

एका सकाळी तिने मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला. आधी आईंना कांदा चिरताना टिपलं.

"काहून गं, उजेडाला आडवी काहून उभी आहेस?" आई म्हणाल्या.

"काही नाही आई, तुम्ही चिरा."

मग माझी पाळी. घर्र, घर्र, घर्र, घर्र! कांद्याचा भुगा. तिने दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी जोडले, खाली लिहिलं, 'कोण जिंकलं?' आणि घरच्या ग्रुपवर पाठवलं. मी जिंकलो होतो, मित्रांनो. मला गंमतच वाटली.

ग्रुपवर पाटण गावाहून आईंचे दीर बंडूकाका यांचा आवाजी निरोप आला, "वहिनींची मालगाडी सिग्नलवर उभी आहे, चॉपर तर इटारसीला पोचला पण!" हसरे चेहरे धडाधड येऊ लागले. आणि मग कुणीतरी विचारलं, "वहिनींचे हात असे काहून हलून राहिले? डॉक्टरला दाखवलं का?"

त्यानंतर फोन थांबेनात. जी गोष्ट आईंनी पदराखाली झाकून ठेवली होती, ती साऱ्या गावाला कळली. त्यांनी विळी मिटली, कपाटावर ठेवली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. विनताने व्हिडिओ पुसला. पण लोकांनी पाहिलेलं कसं पुसणार?

आता सगळं मीच चिरू लागलो. पोह्यांत कांद्याचं पाणी व्हायचं, कोशिंबिरीचा चिखल. तनय माझ्यातली काकडी थुंकून टाकायचा आणि आजीच्या पदराला ओढायचा. आई त्याला मांडीवर घ्यायच्या, पण स्वयंपाकघराकडे बघायच्याही नाहीत. विनता समोर आली की त्यांचा उजवा हात पदराखाली जायचा. विनता खाली मान घालून ताट ठेवायची आणि निघून जायची. सासूसुनेत शब्द उरला नव्हता.

मग एका दुपारी आई माझ्याजवळ आल्या. घरात सगळे झोपलेत असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्यात कांदा ठेवला, झाकण लावू लागल्या. खटका बसेना. हात हलायचा, झाकण सरकायचं. अर्धवट लागलेल्या झाकणाची दोरी त्यांनी ओढली आणि मी उलटलो. कांदा फरशीवर घरंगळत गेला. त्या भिंतीला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्याकडून हरलेली ती बाई माझ्याकडेच शिकायला आली होती, मित्रांनो! त्या क्षणी पात्यांसकट वितळून जावं असं मला वाटलं.

दारात विनता उभी होती. ती पुढे झाली, फरशीवर बसली.

"आई, माझं चुकलं. तुमचे हात मी आधीच पाहिले होते. घाबरले, म्हणून विचारलं नाही. आणि तोच हात सगळ्यांना दाखवला."

आई भिंतीला धरून हळूहळू तिच्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे तुला दिसत होतं. मी उगीच लपवून राहिली." मग फरशीवरचा कांदा उचलत म्हणाल्या, "अन् सांगायचं तरी होतं गं. ती विटकी साडी नेसून अख्ख्या खानदानाला दिसली मी!"

विनता रडता रडता हसली. आई हसल्या नाहीत. पण हात पदराबाहेरच राहिला.

संध्याकाळी विनताने ग्रुपवर लिहिलं, 'शर्यत मी लावली होती, आईंना न विचारता. चूक माझी.' लगेच बंडूकाकांचा फोन. "अरे सूनबाई, मजाक करून राहिलो होतो आम्ही!" आईंनी फोन मागून घेतला. "बंडू, ये इकडे. कांदे चिरायला तुलाच बसवते."

पुढे दोघी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. औषध सुरू आहे. आई पुन्हा भाजी चिरतात, सावकाश. जेवायला उशीर होतो. विनता घड्याळाकडे बघते, ओठ दाबते, पण घाई करत नाही. मला आता शेंगदाण्यांपुरतंच बोलावतात, आणि ते बरंच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी वस्तू येईल. तिला जरूर वापरून बघा. धुवा, पुसून ठेवा, पात्यांना जपा. तिची परीक्षा कांद्यावर घ्या, गाजरावर घ्या. पण कुणाच्या थकलेल्या हातांशी तिची शर्यत लावू नका. आम्हाला दोरी ओढली की धावावंच लागतं, थांबणं आमच्या हाती नसतं. थांबायचं तुम्हीच.